डॉक्टर बाळाचे, पण बोला आईचंही



आज आधी एक साधा हिशेब करू. बाळंतपण झाल्यापासून वर्ष-दीड वर्षात एक बाई स्वतःच्या तब्येतीसाठी दवाखान्यात किती वेळा जाते? टाके दुखले तर एकदा, फार तर दोनदा. आणि बाळाला घेऊन किती वेळा जाते? जन्माच्या वेळचे डोस झाले की दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिने, मग दीड वर्ष. हे झालं नुसतं लसीकरण. सर्दी, जुलाब, ताप, पुरळ हे वेगळंच. म्हणजे ज्या काळात बाईचं शरीर आणि मन दोन्ही सगळ्यात जास्त हललेलं असतं, त्या काळात ती दवाखान्याच्या दारात आठ-दहा वेळा तरी उभी असते. पण सगळी चौकशी बाळाची होते. वजन किती, शी कशी, ताप कधीपासून. ती बिचारी बाळाला धरून बसते, पिशवी सावरते आणि परत येते.

म्हणून आमचं म्हणणं असं, की बाळाच्या डॉक्टरकडे जाणं हीच आईची वेळ समजायची. अंगावर पाजण्याची अडचण, मनाची अडचण, बाळाच्या वाढीची शंका, तिन्ही तिथंच बोलायच्या. बालरोगतज्ज्ञ असोत, आरोग्य केंद्रातले डॉक्टर असोत की लस टोचणाऱ्या सिस्टर, या गोष्टी त्यांच्या कामातल्याच आहेत. 'हे बाळाच्या डॉक्टरला कसं सांगायचं' हा संकोच आधी सोडायचा.

सुरुवात दुधापासून करू, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. '२०१९ ते २१' या काळात देशभर जी कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात दिसलं की जन्मल्यावर पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं शंभरात फक्त ४२ च्या आसपास आहेत. बाळंतपणं तर आता बहुतेक दवाखान्यातच होतात. मग तो तास जातो कुठं? बाळ पुसून, गुंडाळून, नातेवाइकांना दाखवण्यात जातो. कुणी मध चाटवतं, कुणी गुळाचं पाणी. पहिला पिवळट, घट्ट चीक 'जड असतो' म्हणून कुठं कुठं अजून पिळून टाकतात. गाई-म्हशीचा खरवस आपण आवडीनं खातो आणि स्वतःच्या बाळाचा चीक टाकतो, याला काय म्हणावं! तो चीक थोडाच येतो, चमचाभर. पण नव्या बाळाचं पोटही तेवढंच लहान असतं, आणि रोगाशी लढणारी द्रव्यं त्यात ठासून भरलेली असतात. मध तर वर्षाच्या आत अजिबात द्यायचा नाही. त्यातून लहान बाळाला क्वचित पण फार वाईट विषबाधा होते.

आता ते वाक्य, जे प्रत्येक घरात ऐकू येतं: 'हिला दूधच पुरत नाही.' बाळ रडलं की हे वाक्य येतं, आणि पाठोपाठ पावडरचा डबा येतो. पण बाळ फक्त भुकेनं रडत नाही. ओलं झालं, गरम झालं, जवळ घ्यावंसं वाटलं, संध्याकाळी उगीच किरकिर सुटली, तरी रडतं. दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवायचं नाही, लघवीवरून आणि वजनावरून ठरवायचं. पाच-सहा दिवसांचं बाळ दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा फिकट लघवी करत असेल, तर त्याला दूध पोचतंय. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं. ते जन्माच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त उतरू नये, आणि दोन आठवड्यांच्या आत परत जन्माच्या वजनावर यावं. तसं झालं नाही तर मात्र घरी तर्क करत बसायचं नाही, डॉक्टरकडं जायचं.

दूध कसं बनतं हे एकदा नीट कळलं की निम्मी भीती जाते. आपली विहीर उपसली की झरे मोकळे होतात, तसंच हे आहे. जेवढं बाळ ओढेल तेवढं नवं बनेल. वरचं दूध बाटलीनं दिलं की बाळ तेवढं कमी ओढतं, म्हणून तेवढं कमी बनतं, म्हणून आणखी बाटली लागते. महिनाभरात खरंच दूध आटतं आणि मग सगळे म्हणतात, बघा, आम्ही सांगत होतो! सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. रात्रीचं पाजणं टाळायचं नाही, कारण दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी खा, अंगात ताकद येईल. पण बाळ ओढणार नसेल तर लाडू एकटे काही करणार नाहीत.

आणि ओढणं म्हणजे कसं? इथं खरी मेख आहे. बाळानं नुसती बोंडी तोंडात धरली तर दूध येत नाही आणि बोंडीला चिरा पडतात. भोवतीच्या काळ्या भागाचाही बराचसा तोंडात जायला हवा. पाहायचं असं: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी थानाला टेकलेली, आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त व खाली कमी दिसतोय. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं, मान वळवून प्यावं लागू नये. आपण वाकून थान बाळाकडं न्यायचं नाही, बाळाला थानाकडं आणायचं. पाठीला उशी घ्या. सिझेरियन झालं असेल तर बाळाला काखेखालून, पाय मागं करून धरलं की टाक्यांवर भार येत नाही. पहिले काही दिवस तोंडात घेताना थोडं टोचेल. पण पूर्ण वेळ डोळ्यांतून पाणी येईल इतकं दुखत असेल तर 'असंच असतं' म्हणून सोसायचं नाही. पकड चुकलेली असते. हलक्या हातानं करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

हे वाचून येत नाही, बघून येतं. म्हणूनच लसीला गेल्यावर सिस्टरला सांगायचं, 'ताई, इथंच पाजते, तुम्ही बघा आणि सांगा.' हे एक वाक्य फार कामाचं आहे. शासनाचा 'मा' नावाचा कार्यक्रम २०१६ पासून चालू आहे, आणि स्तनपानाला मदत करणं हे त्यात नर्स व आशाताईंचं काम म्हणून नेमून दिलं आहे. आपण मेहेरबानी मागत नाही.

छाती दगडासारखी झाली, गाठ आली, लाल होऊन ताप आला, तर बायका त्या बाजूनं पाजणं बंद करतात. नेमकं उलटं करायचं. दूध साचल्यानंच ते झालेलं असतं, तेव्हा पाजत राहायचं किंवा हातानं काढायचं, आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. औषध सुरू असतानाही बहुतेक वेळा पाजता येतं.

सहा महिन्यांपर्यंत वरचं काही नको. पाणीही नको, चैत्र-वैशाखातही नको. आईच्या दुधात पाणी भरपूर असतं. घुटी उगाळणाऱ्या आज्यांना हे पटवणं अवघड जातं हे आम्हाला माहीत आहे. भांडू नका. आजीला सोबत दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. सुनेनं सांगितलेलं ऐकायचं नसतं, डॉक्टरनं सांगितलेलं ऐकायचं असतं. असा आपल्या घरांचा कायदा आहे, तर त्याचाच उपयोग करून घेऊ.

एक कायदा मात्र खरोखरचा आहे. १९९२ साली देशात कायदा झाला, त्यानुसार बाळांच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, दवाखान्यातून फुकट नमुने वाटता येत नाहीत. कुणी आग्रहानं डबा पुढं केला तर कारण विचारा. काही बाळांना पावडर खरंच लागते. आई फार आजारी असते, किंवा आई नसतेच. तिथं डॉक्टर लिहून देतील तसं, वाटी-चमच्यानं द्यायचं, आणि त्या आईला कुणी नावं ठेवायची नाहीत. अंगावर पाजता आलं नाही म्हणून कुणी कमी आई होत नाही. हेही गटात बोलायला हवं.

बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल आणि काचेत ठेवलं असेल, तर आई बाहेर बाकावर बसून रडते आणि तिचं दूध तसंच आटतं. त्या बाईला कुणीतरी सांगायला हवं: दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हातानं दूध काढ आणि आत दे. तेच त्याचं औषध आहे. स्वच्छ भांड्यात झाकून काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरायचं. कांगारूसारखं, म्हणून त्याला कांगारू पद्धत म्हणतात. बाप, आजी, मावशी, कुणीही धरू शकतं. आपल्या मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, १९८९ साली आशियातली पहिली मातृदूध पेढी सुरू झाली. एका आईचं जास्तीचं दूध तपासून, निर्जंतुक करून दुसरीच्या अशक्त बाळाला देतात. पूर्वी वाड्यावर एकीचं बाळ दुसरी पाजायची, तेच काम आता तपासणी करून होतं.

आता मनाचं. दूध आणि मन यांचं नातं आपल्या भाषेलाच ठाऊक आहे, आपण म्हणतो 'पान्हा फुटला'. बाळाकडं बघून, त्याचा आवाज ऐकून दूध उतरतं. भीती, दुखणं, अपमान, झोपेचा तुटवडा असला की उतरायला वेळ लागतो. दूध आत असतं, पण अडतं. म्हणून 'दूध येत नाही' अशी तक्रार आली की चांगले डॉक्टर एक प्रश्न आईला विचारतात: 'तुम्ही कशा आहात?'

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बऱ्याच जणींना उगीच रडू येतं, चिडचिड होते. जेवण, झोप आणि प्रेमाचा शब्द मिळाला की दोन आठवड्यांत ते ओसरतं. ओसरलं नाही, तर तो आजार आहे. भारतातल्या वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१७ साली जो अंदाज मांडला गेला, त्यात बाळंतपणानंतरचं नैराश्य शंभरात साधारण २२ जणींना निघालं. म्हणजे पाच बाळंतिणींमागं एक. आपल्या वस्तीतल्या बाळंतिणी बोटावर मोजा, म्हणजे कळेल.

ओळखायचं कसं? कशातच मन लागत नाही. बाळ झोपलेलं असतानाही हिला झोप येत नाही. भूक मेली. सारखं वाटतं, मी चांगली आई नाही. बाळाजवळ जाऊच नये वाटतं, किंवा उलट, सारखी धास्ती की त्याला काहीतरी होईल. जीव नकोसा होतो. आपल्याकडं याला 'बाहेरचं झालं', 'नजर लागली', 'आळशी आहे, नाटकं करते' अशी नावं पडतात. दुसरी मुलगी झाल्यावर घरात जी शांतता पसरते ना, चहासुद्धा कुणी विचारत नाही, ती शांतता आजाराला आमंत्रण असते. नवऱ्याची दारू, मारहाण, आधीचं बाळ गेलेलं असणं, माहेरचा आधार नसणं, यानंही धोका वाढतो. अंगारा लावून हे जात नाही. लावायचा तर लावा, आमचं भांडण नाही, पण डॉक्टरकडं आधी न्या.

याची तपासणी करायला कसलं मशीन लागत नाही. जगभर बाळांच्या दवाखान्यांत दहा प्रश्नांचा एक कागद वापरतात. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगीच स्वतःला दोष दिला का, झोप लागली का, स्वतःला इजा करावी असं मनात आलं का. पाच मिनिटांचं काम. शेवटचा प्रश्न विचारायला आपण घाबरतो, वाटतं की विचारल्यानं नसतं खूळ डोक्यात शिरेल. तसं होत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून बाई बोलून मोकळी होते. तुमच्या दवाखान्यात हा कागद नसेल तर बाळाच्या डॉक्टरला सरळ सांगा: 'डॉक्टर, दोन आठवडे झाले, मला काही बरं वाटत नाही, रडू येतं.' ते पुढं जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडं पाठवतील. बोलून उपचार होतात, गरज पडली तर गोळ्याही देतात. अंगावर पाजत असताना चालतील अशा गोळ्या आहेत, म्हणून पाजते आहे हे आवर्जून सांगायचं आणि आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. बाई भलतंच बरळायला लागली, तिला नसलेले आवाज ऐकू आले, बाळाबद्दल विचित्र बोलू लागली, तर तो हजारात एखाद-दुसरीला होणारा, पण फार धोक्याचा प्रकार आहे. तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

तज्ज्ञांच्या बाबतीत थोडक्यात, पण महत्त्वाचं. २०१३ साली आपल्याच पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. जन्मतः फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, हृदयाला छिद्र, ऐकू न येणं, वाढ मागं पडणं, असं काही सापडलं की पुढचे उपचार मोफत होतात, शस्त्रक्रियासुद्धा. जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर निदान व उपचार केंद्र असतं. तिथं बालरोगतज्ज्ञ, डोळ्यांचे, कानाचे, बोलायला शिकवणारे, व्यायाम घेणारे, मानसतज्ज्ञ एका छताखाली असावेत अशी रचना आहे. काही ठिकाणी पदं रिकामी असतात, एक माणूस भेटतो तर दुसरा नाही. तेव्हा आधी आशाताईंकडून कोणत्या दिवशी कोण असतं हे विचारून जायचं, नाहीतर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही वाया.

यात एक गोष्ट अशी आहे की जिथं उशीर म्हणजे कायमचं नुकसान. फार लवकर जन्मलेल्या, दोन किलोच्या आत वजनाच्या, काचेत राहिलेल्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा खराब होऊ शकतो. बाहेरून काही दिसत नाही. ही तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी लागते, फारच कमी वजनाच्या बाळांची त्याहून लवकर. वेळेत लेझर किंवा इंजेक्शनचे उपचार झाले तर नजर वाचते. घरी सोडताना दिलेल्या कागदावर डोळे तपासायची तारीख आहे का बघा. नसेल तर तिथून निघायच्या आधी विचारा. बाळंतिणीला सव्वा महिना बाहेर काढायचं नाही या रिवाजात ते तीस दिवस निघून जातात.

मूल मोठं झाल्यावरही हे दार बंद होत नाही. वर्षाचं झालं तरी हाक मारल्यावर बघत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, आधी बोलत होतं ते बोलणं गेलं, तर 'याचा बापही उशिरा बोलला' म्हणून थांबू नका. कान तपासा, डॉक्टरांना दाखवा. सारखं चिडणारं, माती खाणारं मूल कधी कधी नुसतं रक्त कमी असलेलं निघतं. आणि मोबाइल हातात दिल्याशिवाय घास न घेणाऱ्या मुलाचंही डॉक्टरांना सांगा, त्यात लाज कसली.

आपण ज्याला आशाताईंची भेट म्हणतो, तिची मुळंही आपल्याच मातीतली आहेत. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघर काळजी घ्यायला लावली. ३९ गावांत काम झालं, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात नवजात बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. त्यावरूनच पुढं देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊ लागल्या: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या सहा भेटी मोजून घ्या. आशाताई आली की पाटावर बसवून चहा देऊन परत पाठवू नका, तिला आत, बाळंतिणीच्या खोलीत न्या, आणि दोन मिनिटं त्या दोघींना एकटं सोडा. सासूबाईंसमोर सून 'मी बरी आहे' असंच म्हणणार.

डॉक्टरांपुढं गेल्यावर आपल्याला सुचत नाही, रांग मागं ढकलत असते. त्यासाठी आदल्या रात्री माता-बाल कार्डाच्या मागं तीन ओळी लिहायच्या. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्यायच्या. पहिली ओळ बाळाची: लघवी किती वेळा, पाजणं किती वेळा. दुसरी थानाची: दुखतंय, चिरा, गाठ, ताप. तिसरी आपली: झोप, भूक, रडू. कार्ड डॉक्टरांच्या हातात द्यायचं, बोलायचीही गरज नाही. गटानं एवढं ठरवावं की पहिलटकरणीबरोबर दीड महिन्याच्या लसीला गटातली एक अनुभवी बाई जाईल.

बाळ पीत नाही, सुस्त पडलंय, श्वास जोरात चाललाय, अंग गार किंवा तापलेलं आहे, तळहात-तळपाय पिवळे दिसतायत, तर कार्ड-बिर्ड काही नको, लगेच १०८ किंवा १०२ ला फोन. आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत सरकारी दवाखान्यात उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. आणि मन फारच भरून आलं, जवळ बोलायला कुणी नाही, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. नंबर भिंतीवर, बाळाच्या पाळण्याजवळ, कोळशानं लिहून ठेवला तरी चालेल.